टेकडीवर ओरडायचं नाही

आमच्या घरची चार माणसं नुसती अंगणात बसली तरी एक किस्सा होतो. मग ती टेकडी चढायला निघाली तर काय विचारता!

मे महिना. सेलूहून बोरच्या जंगलाकडे जाणारी पहाटेची एसटी. उतरताना कंडक्टर म्हणाला, "सांभाळून जाजा बरं!" हाच कंडक्टर एरवी सुट्ट्या पैशांवरून आईवर खेकसतो. तो गोड बोलला, तेव्हाच मी ओळखलं, आज काही खरं नाही!

पण बोलायची सोय नव्हती. मी नुकतीच बी.ए. झाले होते, एम.ए.ला नागपूरला होस्टेलवर राहायचं होतं आणि बाबांनी अट घातली होती, "पाल दिसली का घर डोक्यावर घेते तू. होस्टेलात कशी राह्यशीन? टेकडी चढून उतर. एकदा जरी ओरडली, तर नागपूर कॅन्सल!"

*

काकूच्या पिशवीत कणीक, वांगी आणि गोवऱ्या! वर जाऊन रोडगे भाजायचा बेत. पायथ्याशी फॉरेस्ट गार्डनं पिशवी उघडली.

"बाई, उन्हाळ्यात जंगलात आग नाई लावता येत."

"मंग ही कणीक काय वाघाले घालू?"

"वाघ कच्ची खात नाई, बाई," तो गंभीरपणे म्हणाला आणि त्यानं गोवऱ्या ठेवून घेतल्या.

"उतरताना वापस घेईन," काकूनं बजावलं, "तोपर्यंत त्याईच्यावर चहा नको करजो!"

*

उन्हाची लू लागू नये म्हणून काकूनं प्रत्येकाला एकेक कांदा दिला होता. बाबांचा खिशात, आईचा कमरेला, माझा पर्समध्ये. पहिल्याच वळणावर एका वानरानं ती पर्स हिसकली!

किंकाळी ओठांपर्यंत आली होती. गिळली. बाहेर आला तो फक्त 'हॅक्' असा आवाज.

बाबा गर्रकन वळले. "काय झालं?"

"उचकी, बाबा."

वानर झाडावर बसून माझा पावडरचा डबा हुंगत होतं. कांदा मात्र त्यानं काकूला फेकून मारला. काकूनं तो पदराला पुसला.

"पाह्य बेबी, त्यालेबी समजते कोनाले ऊन लागून राह्यलं!"

*

अर्ध्या चढावर बाबा एकदम थांबले. धुळीत खूण उमटलेली.

"पंजा! ताजा हाय."

मी आईच्या मागे सरकले. बाबा मात्र हलक्या आवाजात समजावू लागले, बोटं कशी रुतलीत, वजन किती असेल, नर की मादी.

आईनं वाकून पाहिलं. "अजी, हा तुमचाच पंजा हाय. मघाशी इथंच तर घसरून हात टेकला होता!"

आम्ही पोट धरून हसलो. मग एकेकाचं हसू थांबलं. कारण ते घसरले त्याला बराच वेळ झाला होता, आणि तेव्हापासून आम्ही चालतच होतो.

"चकवा!" काकू पुटपुटली. "गोल गोल फिरवून राह्यला आपल्याले."

"चकवा-फकवा काई नसते! शिकलेली मानसं ना आपन?" बाबा म्हणाले. पण त्यांची चाल मात्र दुप्पट झाली.

*

त्या घाईत माझ्या सँडलचा पट्टा तुटला. वेणीची रिबीन सोडून तो बांधला, मान वर केली, तर वाटेवर कोणी नाही! एक भलामोठा काळा दगड, करवंदाची जाळी, आणि वाळल्या पानांत काहीतरी सळसळलं.

ओरडले तर नागपूर गेलं. नाही ओरडले तर मीच गेले!

"बाबा..." मी बेताच्या आवाजात म्हटलं. याला काही कोणी ओरडणं म्हणणार नाही.

उत्तर नाही. दगडामागे काकूच्या बांगड्या वाजल्यासारखं मात्र वाटलं.

"आई!" जरा मोठ्यानं.

बांगड्याही गप्प झाल्या!

सळसळ आता माझ्याच दिशेनं येत होती. नागपूर, एम.ए., होस्टेलची खोली, सगळ्यावर पाणी सोडलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "बाबाऽऽऽ!"

दगडामागे तिघांनी एकदम सुस्कारा सोडला. मग बाबांचा कापरा आवाज आला:

"ओ! दोन हाका तर चकवाबी मारते... तिसरी आली, मनजे तूच हायेस! लवकर ये बेबी, आमाले लय भेव लागून राह्यलं!"