एस्थरला मी दिलेला नवरा

आधी एक दुरुस्ती. गेल्या रविवारच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं, की मायामीजवळची ती जुनी वस्ती सॅम्युअल मॉस यांनी पत्नी एस्थरच्या साथीने वसवली. ते चूक आहे... सॅम्युअल मॉस नावाचा माणूस कधी नव्हताच.

ही वस्ती बहामा बेटांवरून आलेल्या कृष्णवर्णीय लोकांची. तिथल्या पहिल्या घरावर सिटी, म्हणजे तिथली महापालिका, इतिहासाची पाटी लावणार आहे, आणि तिचा फॉर्म भरायचं काम मिस पर्लनी माझ्यावर सोपवलं होतं. मिस पर्ल म्हणजे एस्थरच्या भावाची पणती, वय ऐंशीच्या पुढे. तिथे मोठ्या बायकांना ‘मिस’ म्हणतात, आपण काकू म्हणतो तसं.

थडग्यावर नाव होतं, एस्थर सॅम्युअल मॉस. मधलं नाव पुरुषाचं, म्हणजे नवऱ्याचंच... मला क्षणभरही शंका आली नाही. फॉर्मवर ‘संस्थापक’च्या रकान्यातही मी सॅम्युअल लिहून दिलं.

मंगळवारी मिस पर्लचा फोन आला. ट्रान्सलेटचं बटण दाबून त्यांनी पोस्ट वाचली होती. “बाळा, तू आमच्या एस्थरचं लग्न लावलंस. निदान मला आमंत्रण तरी द्यायचंस.”

मग त्यांनी खरं काय ते सांगितलं. सॅम्युअल हे एस्थरच्या आईचं माहेरचं आडनाव. एस्थर शिडाच्या बोटीतून एकटी आली, हॉटेलातले कपडे धुतले, स्वतःच्या नावावर जागा घेऊन घर बांधलं. मग बेटांवरून जो येईल तो आधी तिच्याकडे उतरायचा आणि आसपास जागा मिळेपर्यंत राहायचा. अशी ती वस्ती झाली... आणि मी सगळं एका नसलेल्या नवऱ्याच्या नावावर करून टाकलं. पाटी एकदा लागली की पुढच्या पिढ्या तेच वाचणार.

मी सातवीपर्यंत घरीच शिकले, आईकडे. खोडरबराला बंदी होती. चुकीवर एक रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. म्हणून जुनी पोस्ट डिलीट केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस पर्लकडे गेले आणि म्हटलं, हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्या... मी अजून काय काय चुकवलं असेल, कुणास ठाऊक.

त्या ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. टोपली माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, “लग्न तू लावलंस, आता मोडायलाही तूच जा.”

शेंगा संपल्यावर त्यांनी आतून जागेचं खरेदीखत आणलं. त्यावर एकच नाव. मूळ कागद माझ्या हातात देताना ‘नीट जप’ एवढंही त्या म्हणाल्या नाहीत... इतक्या विश्वासाचे आभार कसे मानायचे, मला खरंच कळत नाही.

फॉर्म बदलायला महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. मी सोमवारीच, नऊ तारखेला, सकाळी साडेआठला सिटी हॉलच्या खिडकीसमोर उभी असेन.