वेंगुर्ल्याच्या विहिरी

माझ्यासाठी आलेलं अकोल्याकडचं एक चांगलं स्थळ बाबांनी चहाच्या पहिल्या घोटालाच मोडलं होतं. तो भाग खारपाणपट्ट्यातला, आणि खाऱ्या पाण्याच्या गावी आमच्या सेलूकडचे लोक सहसा मुलगी देत नसत. पुढं भावाच्या नागपूरच्या कॉलेजातल्या मित्राचं स्थळ आलं. जातीतलं, पण वेंगुर्ल्याचं. थेट समुद्राकाठचं! मुलगा भावाबरोबर घरी आला तेव्हाच मला मनापासून आवडला होता. बाबा म्हणाले, "आधी गाव पाहू. तू बी चाल."

छप्पन-सत्तावन साल असेल. कापूस विकून झाल्यावर आम्ही वर्ध्याहून आगगाडीनं मुंबईला आणि तिथून बोटीनं वेंगुर्ल्याला गेलो. बोटीत मला इतकं मळमळलं की लग्नच नको वाटलं, पण ते काठाला लागेपर्यंतच.

मुलाचे वडील कस्टममधून निवृत्त झालेले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आम्हाला जुनं बंदर दाखवायला पायी घेऊन गेले. आधी डचांची वखार. इथं कुठली गलबतं यायची, काय माल उतरायचा, ते रंगून सांगत होते. मी भिंती बघत होते, मुलगा माझ्याकडे, आणि बाबा जवळची विहीर. पोहरा ओढून त्यांनी पाणी चाखलं. "गोड हाय," म्हणाले. माझ्या जिवात जीव आला.

मग कस्टमची कचेरी, दीपगृहाचा चढ, बंदराचा धक्का. यजमान जीव तोडून माहिती देत आणि बाबा मान डोलावून विचारत, "इथं इहीर कुठं हाय, साहेब?" मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं, तरी दर पोहऱ्याला मी बाबांच्या तोंडाकडे बघायचीच. पण पाणी सगळीकडे गोड निघालं. बाबा इतके खुलले की समुद्राबद्दलही दोन शब्द चांगले बोलले.

शेवटी त्यांच्या परसातली विहीर आली. बाबांनी तांब्यातून घोट घेतला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"उन्हाळ्यात जरा मचूळ होतं," यजमान पडेल आवाजात म्हणाले. मुलगा खाली बघायला लागला. त्याचा मला रागच आला.

बाबांच्या हातातून तांब्या घेऊन मी उभ्याउभ्या रिकामा केला.

"खारं हाय बाबा," मी सगळ्यांदेखत म्हटलं. "पण मले चालते."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग ते मुलाच्या वडिलांकडे वळले.

"सुपारी आणा, इवाई," म्हणाले. "पोरगी तं पिऊन बसली!"