दादूसने दाखवलेलं घरटं

दादूसच्या पिशवीत दुर्बीण नसायची. बायकोची जुनी हिरवी लुगडी असायची. पक्षी बघायला कुणी लालभडक टी-शर्ट घालून आला, की ते त्याच्या अंगावर लुगडं टाकत. "पक्ष्याला बगायचा हाय, का त्याला तुमालाच दाखवायचा हाय?" रोडपालीहून त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा गळ्यात भलीमोठी लेन्स अडकवून मीही डोक्यावर पदर घेऊन उभा होतो.

पनवेलजवळच्या अभयारण्यालगत राहणारा हा आगरी माणूस आम्हा हौशी फोटोवाल्यांना रान दाखवायचा. पक्षी हवे तेवढे दाखवतील, घरटं मात्र नाही. कुणी हट्ट धरलाच, तर म्हणायचे, "बालंतिनीच्या खोलीत शिरता का कुनाच्या?"

मी चार पावसाळे त्यांच्या मागे लागलो. शेवटी एका आषाढात त्यांनी मला एकट्याला ओढ्याकाठच्या दरडीतलं तिबोटी खंड्याचं बीळ दाखवलं. मुठीत मावेल एवढा तो रंगीत पक्षी चोचीत पाल घेऊन आत शिरला आणि पिल्लांचा कालवा ऐकू आला. "कोनाला बोलू नको," एवढंच दादूस म्हणाले. दुसऱ्याच दिवशी ते तापाने अंथरुणाला खिळले.

मी एकाच मित्राला सांगितलं. 'फक्त तुला' म्हणून. आमच्या छंदात 'फक्त तुला' कुठवर पोचतं, हे न कळायला मी नवखा नव्हतो. पण फोटो झकास आला होता आणि मला मिरवायचं होतं. रविवारी बिळासमोर अकरा ट्रायपॉड लागले. बारावा माझा. पक्षी ऐटीत बसावा म्हणून कुणीतरी तोंडाशीच काटकी रोवली. नर-मादी पाल घेऊन येत, माणसं बघून माघारी जात. तीन दिवस हेच चाललं आणि मी बटण दाबत राहिलो.

ताप उतरल्यावर दादूस मला तिथे घेऊन गेले. त्यांनी बोटाने माती उकरून चार पिल्लं तळहातावर घेतली. भुकेने मेली होती.

"कोनाला सांगितलास?"

"कुणालाच नाही."

"मंग चूक माजीच. मीच दाखवला."

त्यानंतर त्यांनी रान सोडलं आणि ते जासईला कंटेनरच्या आवारात वॉचमन झाले. मी शरमेने त्यांच्या घराकडे फिरकलो नाही. खरं बोलायला मला तीन वर्षं लागली. गेल्या महिन्यात धीर करून गेलो, तर भिंतीवर त्यांच्या फोटोला हार होता.

वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. मी सगळं सांगून टाकलं.

"त्यांना ठाऊक व्हता," त्या म्हणाल्या. "तुमचा मित्रच मागनं येऊन सांगून गेला."

"मग मला परत कधी विचारलं का नाही?"

"मी बोलली त्यांना, फोन करा. तर बोलले, नको, तो येल सोताहून. दर आयतवारी दाराकडं बगत बसायचे."