बघून-सांग कॅप्टन

कंपनीतल्या तरुण पायलटांनी कॅप्टनना एक नाव ठेवलं होतं, ‘बघून-सांग’. तोंडावर म्हणायची कुणाची टाप नव्हती, पण पाठ वळली की हेच. “आज तुझ्याबरोबर कोण?” “बघून-सांग.” “मग मेलास.” कॅप्टनच्या कानावर हे कधीचंच आलं होतं. राग येणं दूरच, घरी बायकोला ते स्वतःच सांगत आणि वर हसत, आणि छाती थोडी फुगायचीच. माणसाला नाव पडायचंच असेल तर ते कामावरून पडावं, टकलावरून पडण्यापेक्षा ते केव्हाही बरं. आणि टक्कल काही त्यांना कमी नव्हतं.

नावामागची गोष्ट साधी होती. विमान धावपट्टीकडे निघालं की उजव्या खुर्चीतला को-पायलट एक यादी वाचतो. एकेका गोष्टीचं नाव घेतो, आणि डाव्या खुर्चीतला कॅप्टन ती गोष्ट जागेवर आहे का ते बघून उत्तर देतो. त्यात एक नाव फ्लॅप्सचं. पंखाच्या मागच्या कडेतून बाहेर येणाऱ्या या रुंद पट्ट्या, त्या हव्या तेवढ्या बाहेर नसतील तर विमान वेळेवर जमीन सोडत नाही. को-पायलट विचारतो, “फ्लॅप्स?” कॅप्टनने समोरच्या पडद्यावरची खूण बघायची आणि म्हणायचं, “सेट.” एवढंच. पण हेच दिवसातून चार वेळा, वर्षानुवर्षं केलं की तोंड शहाणं होतं. डोळा अजून वाटेतच असतो आणि तोंड उत्तर देऊन मोकळं होतं. आणि उत्तर जवळजवळ नेहमीच बरोबर निघतं. म्हणून तर ते धोक्याचं.

कॅप्टन परीक्षकही होते. सिम्युलेटरमध्ये, म्हणजे जमिनीवर उभ्या असलेल्या नकली कॉकपिटमध्ये, ते पायलटांच्या मागच्या खुर्चीत बसत आणि हातांकडे न बघता डोळ्यांकडे बघत. कुणी न बघता “सेट” म्हणालं की मागून शांत आवाज येई, “बघून सांग.” एकदा ठीक. त्याच दिवशी दुसऱ्यांदा झालं की नापास. मग तो कुणाचा जावई असो नाहीतर कुणाचा भाऊ. मिरचीलासुद्धा त्यांनी असंच नापास केलं होतं. बुटकी, सडपातळ आणि बोलायला तिखट म्हणून सगळे तिला मिरची म्हणत. इंजिनाला आग लागल्याचा प्रसंग तिने त्या दिवशी असा हाताळला होता की जुन्या पायलटांनी तोंडात बोट घालावं, आणि तरी दुसऱ्यांदा न बघितलेल्या फ्लॅप्सवरून तिचं घोडं अडलं. पुढे कितीतरी महिने ती कॅप्टनना समोरून येताना पाहिलं की उपाहारगृहाचं दार बदलायची.

पण कॅप्टन काही जन्मतःच असे कडक नव्हते. त्यामागे थोरले कॅप्टन होते.

थोरले कॅप्टन म्हणजे त्यांचे गुरू. उडायला त्यांनीच शिकवलं होतं. वय झालं तरी थोरले थांबले नाहीत. नियमाने परवानगी होती, डॉक्टर पास करत होते, मग थांबायचं कशाला? शेवटची दोन वर्षं त्यांच्या उजवीकडे बसणारा प्रत्येक को-पायलट त्यांचं विसरलेलं बटण हळूच दाबत होता, चुकलेला आकडा हळूच सुधारत होता. सगळे गप्प. आदर, दुसरं काय. मग एका परीक्षेत परीक्षक म्हणून आमचे कॅप्टन मागे बसले होते आणि पुढे सावरून घेणारं कुणी नव्हतं. गुरूला नापास करायची वेळ शिष्यावर आली. थोरल्यांनी वाद घातला नाही. टोपी हातात घेऊन ते फक्त एवढंच म्हणाले, “इतके दिवस मला कुणी बोललं का नाही?” ते नापास झाल्याचं दुःख नव्हतं, ते आपण इतके दिवस सांभाळून घेतले जात होतो याचं दुःख होतं. कॅप्टननी त्या दिवशी कानाला खडा लावला. आपल्यावर ही पाळी येऊ द्यायची नाही. खुर्ची सोडायची ती आपण होऊन, आणि कुणी सांभाळून घ्यायला लागण्याआधी.

म्हणायला सोपं. त्या ‘आधी’ची वेळ कोण सांगणार? पासष्टाव्या वाढदिवसापर्यंत उडता येत होतं आणि त्याला अजून चांगला अवकाश होता. तब्येत ठणठणीत. डॉक्टर तर दर वेळी छाती तपासून म्हणत, “कॅप्टन, हे हृदय मला द्या आणि माझं तुम्ही घ्या.” शिवाय कंपनीने नवीन मोठं विमान घेतलं होतं, एका दमात महासागर ओलांडणारं. ते शिकायला जाणाऱ्या पहिल्या तुकडीत कॅप्टनचं नाव होतं. असं विमान चालवायचं हे त्यांचं तरुणपणापासूनचं स्वप्न. जेवताना ते त्या विमानाच्या पंखांबद्दल असं बोलत की बायको म्हणायची, “माझ्याबद्दल तुमच्या आईशी बोलताना तरी इतके रंगला होतात का?”

मग तो दिवस आला. आकाश स्वच्छ, वारा बेताचा, प्रवासी वेळेवर, म्हणजे तक्रारीला जागाच नाही असा दिवस. उजव्या खुर्चीत मिरची. विमान धावपट्टीकडे निघालं आणि डाव्या हाताला, हँगरच्या समोर, ते नवं विमान उभं होतं. आदल्याच दिवशी आलेलं. पांढरंशुभ्र, अजून कुठे ओरखडासुद्धा नाही. कॅप्टनची नजर त्याच्यावर गेली आणि तिथेच राहिली.

“फ्लॅप्स?” मिरचीने वाचलं.

“सेट,” कॅप्टन म्हणाले.

पुढचं नाव आलं नाही. दोन क्षण कॉकपिटमध्ये नुसती घरघर. कॅप्टननी मान वळवून पाहिलं तर मिरची यादीवर बोट ठेवून सरळ त्यांच्याकडे बघत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“सर,” ती म्हणाली, “बघून सांगा.”

कॅप्टननी पडद्याकडे पाहिलं. फ्लॅप्स अगदी हवे तिथे होते. एका रेषेचाही फरक नव्हता. “सेट,” ते म्हणाले. “बघितलं.” मिरचीने पुढचं नाव वाचलं. विमान वेळेवर उडालं, वेळेवर उतरलं, आणि मागे बसलेल्या लोकांपैकी कुणाला काही कळलं नाही, कारण कळण्यासारखं काही झालंच नव्हतं.

उतरल्यावर कर्मचाऱ्यांच्या गाडीकडे चालताना मिरची दोनदा थांबली आणि दोनदा पुढे निघाली. शेवटी तिला राहवेना.

“सर, तुम्हाला राग नाही ना आला?”

“तू बोलली नसतीस तर आला असता.”

“मला वाटलं, तुम्हाला मी कसं सांगणार. तोंडातून शब्दच फुटत नव्हता.”

“फुटला ना? मग झालं तर.” कॅप्टन थांबले, बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “तुला नापास केलं तेव्हा काय म्हणाली होतीस माझ्याबद्दल?”

“ते मी तुम्हाला सांगणार नाही, सर.”

कॅप्टन मोठ्याने हसले. पण गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीकडे तोंड केलं, कारण त्यांचा ऊर भरून आला होता आणि तो को-पायलटला दाखवायची त्यांना सवय नव्हती. थोरल्यांच्या उजवीकडे दोन वर्षं जे कुणी बोललं नाही ते या मुलीने पहिल्याच चुकीला बोलून दाखवलं होतं. आपण शिकवलेलं वाया गेलं नाही, याचा एवढा अभिमान त्यांना स्वतःच्या कुठल्याही लँडिंगचा वाटला नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे आणि खांदे वळवायची, आणि माणूस कुठे दुखतंय ते लपवतोय हे तिला चालण्यावरून कळायचं. ऐकताना ती चहा गाळत होती.

“अगं, एकदाच झालं,” कॅप्टन म्हणाले. “ते विमान समोर होतं म्हणून. एरवी माझं असं कधी होत नाही.”

बायकोने गाळणी खाली ठेवली. “गॅस बंद आहे का?” तिने विचारलं.

“बंद आहे.”

“बघून सांगा.”

कॅप्टनना मान वळवावी लागली. गॅस त्यांच्या पाठीमागे होता.

या घरात हा प्रश्न रोजचा होता. बाहेर निघताना ती दारातून विचारायची आणि कॅप्टन बूट घातलेले असले तरी परत आत जाऊन, बटणाला हात लावून, मग सांगायचे. लेक त्यावरून त्यांची नक्कल करायची, पाहुण्यांपुढेसुद्धा.

“आता तुम्ही उठत नाही,” बायको म्हणाली. “बरेच दिवस झाले. बसल्या जागेवरून सांगता. बंदच असतो तसा. मी जाऊन बघून येते.”

“मग मला बोलली का नाहीस?”

शब्द तोंडातून गेले आणि कॅप्टनना ते ओळखीचे वाटले. टोपी हातात घेतलेले थोरले कॅप्टन डोळ्यांपुढे उभे राहिले. चहा निवला. बायकोने तो परत गरम करून दिला, आणि या वेळी गॅस बंद करताना “बंद केला” असं मोठ्याने म्हणाली. कॅप्टनना हसू आलं. तिलाही आलं.

“मला वाटलं, घरातलं आहे,” ती म्हणाली. “तिकडे तुम्ही डोळ्यांत तेल घालून असता. घरी थोडं सैल झालात तर मी कशाला बोलू?”

“तिकडचे डोळे आणि इकडचे डोळे एकच आहेत गं,” कॅप्टन म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते चीफ पायलटच्या खोलीत गेले आणि आता उडणं थांबवतो म्हणाले. हा त्यांचाच जुना विद्यार्थी, आता वरिष्ठ झालेला. तो आधी हसला, मग कॅप्टन हसत नाहीत हे पाहून गंभीर झाला.

“कॅप्टन, अहो, एवढ्याशा गोष्टीवरून?”

“मोठ्या गोष्टीवरून आलो असतो तर तुम्ही मला बसायला खुर्ची दिली असतीत का?”

“पण काही झालेलंच नाही. फ्लॅप्स तर सेट होते.”

“ते माझ्यामुळे नाही, नशिबाने,” कॅप्टन म्हणाले. “मी बघितलं नव्हतं.”

चीफने पुष्कळ समजावलं. शेवटी त्याने हुकमाचं पान टाकलं. “आणि नवं विमान?”

इथे मात्र कॅप्टनचा पाय निघत नव्हता हे खरं. त्यांनी एवढंच मागितलं की एकदा आत जाऊन बसू द्यावं. चीफ त्यांना स्वतः घेऊन गेला. कॅप्टन डाव्या खुर्चीत बसले, हात मांडीवर ठेवून, कशालाही न लावता. पडदे बंद होते आणि नव्या कातड्याचा वास येत होता. “छान आहे,” ते म्हणाले, आणि त्या विमानावर त्यांनी पाणी सोडलं. जिन्यावरून खाली उतरताना चीफ एक पायरी मागे राहिला. उद्या आपल्याला हे जमेल का, असं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होतं.

शेवटच्या उड्डाणाला अग्निशमनाच्या बंबांनी विमानावर पाण्याची कमान करावी असा कंपनीचा बेत होता. “विमान धुवायचंच असेल तर नीट साबण लावून धुवा,” असं म्हणून कॅप्टननी तो उडवून लावला. शेवटच्या यादीतली प्रत्येक गोष्ट त्यांनी इतकी सावकाश बघून सांगितली की उजवीकडे बसलेली मिरची शेवटी म्हणाली, “सर, लोकांना खाली उतरायचंय.” ब्रेक लागल्याचं सांगून झाल्यावर त्यांनी टोपी घातली आणि ते आपल्या पायांनी, मान ताठ ठेवून बाहेर आले.

काही महिन्यांनी मिरची कॅप्टन झाली. डाव्या खुर्चीतल्या तिच्या पहिल्या उड्डाणाची दोन तिकिटं कॅप्टननी तिला न सांगता काढली. बायकोला पाय पसरायला पुढची जागा हवी होती. यांनी हट्टाने पंखामागची खिडकी घेतली.

“आयुष्यभर पुढे बसलात आणि आता मागे?”

“बस गं गुमान.”

स्पीकरवर मिरचीचा आवाज आला. तिने नाव सांगितलं, हवामान सांगितलं, आवाज जरासुद्धा कापला नाही. कॅप्टननी बायकोच्या पलीकडच्या अनोळखी गृहस्थाला सांगून टाकलं, “हिला मी नापास केलं होतं.” त्या गृहस्थाने घाबरून पट्टा घट्ट केला.

इंजिनं सुरू झाली. मग पायाखालून ओळखीची कण्हल्यासारखी घरघर आली आणि कॅप्टननी कपाळ काचेला टेकवलं. पंखाच्या मागच्या कडेतून रुंद पट्ट्या सरकत बाहेर आल्या, खाली वाकल्या आणि थांबल्या. आयुष्यभर त्यांनी फ्लॅप्स पाहिले ते पडद्यावरच्या एका बारीक खुणेत. प्रवासी म्हणून बसले तेव्हा डोळे मिटून झोपलेले असायचे. खुद्द पट्ट्या बाहेर येताना ते आज पहिल्यांदा बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

विमान धावपट्टीकडे निघालं. आता पुढे कुणीतरी यादी वाचत असणार. आता ते नाव आलं असणार. आता ती बघत असणार.

“सेट,” कॅप्टन हळूच म्हणाले.

“काय म्हणालात?” बायकोने विचारलं.

“सगळं ठीक आहे म्हटलं.”

“बघून सांगताय ना?”

कॅप्टननी खिडकीपासून थोडं मागे सरून तिला जागा करून दिली. “ये, तूही बघ,” ते म्हणाले, आणि दोघं एकाच काचेतून पंखाकडे बघत राहिली, विमानाने जमीन सोडेपर्यंत.