खळीनं चिकटवलेले सहा पाठ

पुस्तकं तीन होती आणि तिन्हींत बायबलातला तो पांगळा माणूस उठून चालत होता. एकात बाज खांद्यावर टाकून, एकात बाज तिथंच सोडून, आणि उरलेल्यात, जे सगळ्यात रंगीत होतं त्यात, दोन्ही हात वर करून नाचत. जेवणाच्या टेबलावर तिन्ही पसरून मी दुपारभर बसले होते. माझ्या दोन मुलींना, एक आठ वर्षांची आणि एक पाच वर्षांची, घरी बायबल शिकवायला यातलं कुठलं पुस्तक घ्यायचं एवढंच मला ठरवायचं होतं. हे एवढंच ठरवताना माझ्या नाकी नऊ आले.

थोरलीला स्नायूंचा आजार आहे. चौथ्या वर्षी उगाच पडायला लागली, सहाव्या वर्षी तिचा जिना सुटला, आता भिंतीला धरून चार पावलं टाकते आणि बाकी वेळ चाकाची खुर्ची. सांगलीच्या डॉक्टरांनी तिला बाहेर नर्सबाईंजवळ बसवलं, आम्हा दोघांना आत घेतलं आणि इंग्रजीत सांगितलं की हे बरं होणारं नाही, वाढत जाणारं आहे. साताऱ्याला परत येईपर्यंत एसटीत नवरा आणि मी एक अक्षर बोललो नाही. ती आमच्या मधे बसून खिडकीतून उसाचे ट्रॅक्टर बघत होती. तिला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे आम्ही दोघांनी न बोलताच ठरवून टाकलं.

शाळा सुटली ती वर्ग वरच्या मजल्यावर गेला म्हणून. वर्ग खाली आणा म्हणून मी तीनदा भांडले. मुख्याध्यापकांनी तिन्ही वेळा चहा पाजला आणि शेवटी म्हणाले, "ताई, घरीच शिकवा ना, तुम्ही शिकलेल्या आहात." शिकलेली असण्याचा असाही उपयोग होतो. तिला एकटं वाटू नये म्हणून धाकटीलाही बालवाडीतून काढली. मराठी आणि गणिताची पुस्तकं सरकारी, त्यात निवडायचं काही नव्हतं. प्रश्न आला तो बायबलचा.

आम्ही ख्रिस्ती, चौथ्या पिढीचे. बायबल घरात शिकवायची आमच्यात खरं तर गरज नसते, रविवारी सकाळी शब्बाथ शाळेत पोरं आपोआप शिकतात. थोरलीही जायची. पण गेल्या वर्षी घरोघरी प्रार्थना करत फिरणाऱ्या एक बाई आमच्याकडे आल्या. तिच्या डोक्यावर हात ठेवून अर्धा तास प्रार्थना केली आणि जाताना तिच्याच देखत मला म्हणाल्या, "विश्वासानं मागितलं की मिळतं. कुणाचा तरी विश्वास कमी पडतोय." मी चपला पुढं सरकवून त्यांना दार दाखवलं. आमच्या चर्चच्या पाळकबाईंना कळल्यावर त्या नाराज झाल्या, म्हणाल्या, त्यांचं मन चांगलं आहे हो. असेल. मी पोरींना शब्बाथ शाळेत पाठवणं बंद केलं.

शेजारच्या काकूंचं वेगळंच. त्यांचं माहेर म्हसवडचं, त्या म्हणतात सिद्धनाथाला नवस बोला, नुसतं बोला, तुमचा देव काही रागवायचा नाही. त्यांचा मला राग येत नाही, कारण त्या निदान तिच्यासमोर बोलत नाहीत. पण ज्याला त्याला माझ्या पोरीसाठी काहीतरी ठाऊक होतं आणि मी तेवढी काही करत नव्हते, असं दिसायचं खरं.

नवऱ्याचं म्हणणं एकच. तो इस्लामपूरकडच्या साखर कारखान्यात असतो, हंगामात आठवड्यातून एकदा येतो. म्हणाला, "शब्बाथ शाळा बंद केलीस ती केलीस. पण शास्त्र घरी शिकवायचंच. पुस्तक तू निवड." म्हणजे निवडण्याचं पाप माझ्या माथ्यावर. मी तसं त्याला बोलूनही दाखवलं.

पहिलं पुस्तक माझ्या मावसबहिणीनं परदेशातून पीडीएफ करून पाठवलं. चौकातून त्याची झेरॉक्स काढून आणली. त्यात मुलांना बर्फात देवदूत काढायला सांगितले होते, साताऱ्यात बर्फ कुठला. दुसरं ते रंगीत, प्रत्येक पाठाच्या शेवटी एक चौकट: आज देवानं तुझ्यासाठी काय केलं ते लिही. ते मी बाजूला सारलं, कारण थोरली त्या चौकटीत काय लिहील हे बघायची माझी छाती नव्हती. तिसरं सांगलीत चर्चच्या आवारातल्या एका खोलीत मिळालं, डॉक्टरांकडे पुन्हा तपासणीला गेलो होतो त्या दिवशी. साधं पुस्तक, काळी चित्रं, सोपी मराठी, आणि शेवटी कातरकामाची जाड पानं. तेच घेतलं. पण त्यातही ते सगळे होतेच. तळ्याकाठी अडतीस वर्षं पडून राहिलेला. देवळाच्या दाराशी भीक मागणारा. हात वाळलेला, रस्त्याकडेचा आंधळा. चौघांनी बाजेवर घालून आणलेला आणि कौलं काढून घरात खाली सोडलेला. आणि ती बारा वर्षांची मेलेली मुलगी, जिला हाताला धरून उठवलं. तो पाठ मी पूर्ण वाचूच शकले नाही.

मी काही देवाशी भांडत नव्हते. भांडायलाही अंगात बळ लागतं. मला एवढंच कळत होतं की हे पाठ ऐकले की पोर विचारणार, मग मला का नाही. आणि त्याला माझ्याकडे दोनच उत्तरं होती: एक त्या बाईंचं आणि एक डॉक्टरांचं. दोन्ही माझ्या तोंडून निघणार नव्हती.

पानं फाडली असती तर लगेच दिसलं असतं. म्हणून वाटीभर मैद्याची खळ शिजवली आणि ते सहा पाठ, पानाला पान लावून, चिकटवून टाकले. वरून पाटा ठेवला. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या शिराळ्याकडच्या. त्यांची आई बायबलबाई होती, म्हणजे चित्रांची गुंडाळी काखेत मारून गावोगाव गोष्टी सांगत फिरायची, आणि या लहानपणी तिच्या मागं मागं.

"देवाच्या वचनाला खळ लावतीस व्हय?" त्या म्हणाल्या.

"आवं आई, मग तिला काय सांगू मी?"

"काय सांगायचं न्हाई. गोष्ट हाय ती, गोष्ट सांगायची. त्यानं उठवलं तर त्याची मर्जी, न्हाई उठवलं तर त्याची मर्जी. तू मधी कशाला?"

मी त्यांना फाडकन म्हणाले की तुमची पोरगी असती तर हे बोलला नसता. त्या वळून आतल्या खोलीत गेल्या. नंतर मला कुणीतरी सांगितलं की त्यांची एक मुलगी लहानपणी तापानं गेली होती. मला माहीत नव्हतं. मी माफीही मागितली नाही, कारण मागायला बसले असते तर रडत बसले असते आणि पोरींची जेवणं राहिली असती.

जूनमध्ये सुरू केलं. रोज सकाळी दहाला, आधी प्रार्थना, मग पाठ, मग वचन पाठ करायचं. आदाम, नोहा, योसेफाचा झगा. थोरली हुशार आहे, वचन दोनदा ऐकलं की तिचं पाठ. चिकटवलेला पाठ आला की मी दोन पानं एकदम उलटायचे आणि पुढचा काढायचे, तिनं कधी काही विचारलं नाही. मला वाटलं, साधलं. पावसाळा संपेस्तोवर तिचं भिंतीला धरून चालणं दोन पावलांवर आलं होतं, आणि मी मनात म्हणत होते की निदान एवढं एक तरी मी तिच्यापासून दूर ठेवलंय. रात्री झोप लागायची ती एवढ्याच समाधानावर.

मागच्या कातरकामाच्या पानांचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता.

दिवाळीनंतरची गोष्ट. मी चपात्या लाटत होते. थोरली टेबलाशी बेरजा करत बसली होती. धाकटी पुठ्ठ्याचा एक माणूस आणि एक छोटी बाज घेऊन आली. बाजेच्या चारी कोपऱ्यांना भोकं पाडलेली.

"आई, याला दोरा लावून दे. यावर सतरा लिहिलंय. सतरावा पाठ आपण कधी केला?"

"तो छापायचा राहून गेलाय," मी म्हणाले.

"राहिला नाही," थोरली म्हणाली. वहीतून तिनं मान वर केली नाही. "चिकटवलाय."

मी विचारलं, तुला गं कुणी सांगितलं, आजीनं?

"कुणी नाही. पान जाड लागतं. उन्हात धरलं की थोडं थोडं दिसतं पण. आणि ती गोष्ट मला येते, शब्बाथ शाळेत झाली होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू चिकटवलं होतंस म्हणून."

मी काहीबाही सांगायला लागले. ते पाठ अवघड आहेत, मोठ्या मुलांचे आहेत, पुढच्या वर्षी घ्यायचे म्हणून ठेवलेत. मला खोटं बोलता येत नाही असं नाही, चांगलं येतं, पण तेव्हा एकाला एक शब्द लागत नव्हता. ती शांतपणे ऐकून घेत होती. मग पेन्सिल ठेवून म्हणाली, "आई, वादळ थांबवलं तो पाठ उघडा आहे. भाकरी वाटल्या तो पण. जे बरे होतात तेवढेच चिकटवलेत."

मी गॅस बंद केला. तव्यावरची चपाती करपून गेली होती.

"आधी मी रोज सकाळी बघायचे," ती म्हणाली. "तू चहा ठेवायला जायचीस ना, तेव्हा. पलंगाला न धरता उभं राहून बघायचे. त्या मावशी म्हणाल्या होत्या ना, मागितलं की मिळतं म्हणून. मी रोज मागायचे आणि मग बघायचे. मग हे पुस्तक आलं."

"मग?"

"मग सोडलं बघायचं."

"का गं बाळा?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मला एवढंही कसं कळत नाही असं.

"तू चिकटवलंस म्हणजे तुला माहीत होतं ना, मी उठणार नाही ते."

डॉक्टरांनी दार लावून, इंग्रजीत सांगितलेलं. नवरा आणि मी तिच्या दोन्ही बाजूंना बसून, सव्वाशे किलोमीटर दाबून धरलेलं. ते मी वाटीभर खळीनं तिला सांगून टाकलं होतं, आणि जूनपासून ती ते एकटी घेऊन बसली होती. रोज दहाला माझ्यासमोर वचन म्हणत होती, माझं समाधान व्हावं म्हणून. मला तिथंच मरून जावंसं वाटलं. तसं नाही गं, असं काही नाही, हे म्हणायला मी तोंड उघडलं, आणि आता एक जरी खोटं बोललं तरी ते तिला उन्हात धरल्यासारखं दिसेल हे समजून पुन्हा मिटलं. खरं आहे, असंही म्हणवेना. मी पिठाचे हात पदराला पुसत राहिले.

धाकटीला यातलं काही कळलं नव्हतं. तिची तिकडं भुणभुण चालूच. आई दोरा, आई गोष्ट, आई सतरावा पाठ. आतल्या खोलीतून सासूबाई बाहेर आल्या, माझ्याकडं बघितलं, कपाटातनं दोऱ्याचं रीळ आणि सुई काढून टेबलावर ठेवली आणि आत गेल्या. मी खुर्ची ओढून बसले आणि गोष्ट सांगायला घेतली, पुस्तक न उघडता. एक माणूस होता, त्याला चालता येत नव्हतं. त्याचे चार मित्र होते. घरात गर्दी होती म्हणून त्यांनी वर चढून कौलं काढली आणि त्याला बाजेसकट खाली सोडलं.

"मग येशू त्याला म्हणाला," मी म्हणाले, आणि पुढं मला येईना.

"काय म्हणाला?" धाकटीनं माझा पदर ओढला. "आई, काय म्हणाला?"

मी थोरलीकडं बघायचं नाही असं ठरवून भिंतीकडं बघत होते.

"ऊठ म्हणाला," थोरलीनं तिला सांगितलं. "आणि तो उठला. ती बाज इकडं दे, दोरा मी ओवते."