चारही शब्द लाल

आमच्या शाळेत टॅब आले तेव्हा त्यांना हळदकुंकू मीच लावलं होतं. केनवडच्या बाजारातून जाड कापड आणून त्यांच्यासाठी पिशव्याही शिवल्या. त्यामुळे बाईंना पहिल्यापासून त्या यंत्रांचा राग होता, असं कुणी म्हणू नये. राग नंतर आला.

त्या टॅबमध्ये वाचनाची चाचणी होती. पडद्यावर वाक्य येतं, मूल ते मोठ्याने वाचतं आणि टॅब ऐकतो. बरोबर शब्द हिरवा होतो, चुकलेला लाल. शेवटी मुलाच्या नावापुढे शेरा उमटतो. शिक्षकाने नुसता टॅब धरून बसायचं.

तिसरीतली एक मुलगी होती. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून, घाई न करता वाचायची. तिच्यापुढे वाक्य आलं, 'आईने बाळाला जवळ घेतले.' तिने ते नीट पाहिलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "मायनं बायाले जवय घेतलं."

चारही शब्द लाल. शेरा आला, 'वाचता येत नाही.'

मला आधी हसू फुटलं आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली. आमच्याकडे ळ चा य होतो, ला चा ले होतो आणि आई ही माय असते. पोरीने वाक्य वाचलं होतं, समजून घेतलं होतं आणि एका दमात घरच्या बोलीत आणून ठेवलं होतं. अक्षर न कळणाऱ्याला हे जमेल का? मी तिला पुन्हा वाचायला लावलं. तिने तेच वाचलं, आवाज मात्र बसला होता. तिसऱ्यांदा तिने वाचलंच नाही. "मले नाई येत वाचता, मॅडम," म्हणाली आणि टॅब माझ्याकडे सरकवला.

खरं सांगायचं तर टॅब यायच्या आधी हे काम मीच करत होते. मी याच भागातली, मेडशीची. डी.एड.ला पहिल्याच दिवशी "मले" म्हणाले आणि अख्खा वर्ग खिदळला. त्यानंतर मी जीभ अशी घासली की माहेरी गेले की काकू म्हणायची, "आली पाव्हणी." नोकरी लागल्यावर मीही 'मले नव्हे, मला' करत कितीतरी वर्षं पोरांच्या मागे लागले. त्यातली किती पोरं त्यापायी गप्प बसली असतील, देव जाणे. त्याची मला लाज वाटते, आजही वाटते.

दुसऱ्या दिवशी मुलीची आई आली, कडेवर धाकटं बाळ घेऊन. सोयाबीन निघालं होतं आणि नवराबायको ऊसतोडीला निघणार होते.

"मॅडम, पोरीले वाचता येते का नाई? येत असन तं ठेवतो आमी इच्या मावशीपाशी. नसन येत तं नेतो संग. याले सांभायाले कोणी पायजेच. पोरगी म्हणते, टॅबनं लाल देलं."

उसाच्या फडावर गेलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. परत येतात तेव्हा निम्मं विसरलेलं असतं, आणि पुढच्या वर्षी त्या येतच नाहीत. मी मुलीला पुढे बोलावलं. ती जागची हलेना.

मग मी टॅब उचलला आणि सगळ्या वर्गासमोर तेच वाक्य वाचलं, मेडशीत वाचलं असतं तसं. मायनं बायाले जवय घेतलं. चारही शब्द लाल. वर्ग असा हसला की विचारू नका. मुलीने मान वर केली.

"मॅडम, तुमीबी नापास?"

"हो, मीबी," मी म्हणाले. शाळेत माझ्या तोंडून हा शब्द पहिल्यांदाच आला असेल.

ती पुढे आली. मी पुस्तकातला न शिकवलेला धडा काढून दिला. तिने बोट ठेवलं. "इहिरीजवय चिचेचं झाड होतं. झाडाखाली कायी गाय बसली होती." आईला अक्षर येत नव्हतं, पण ती कान देऊन ऐकत होती.

"हे पुस्तकात लिवलं हाये?"

"अगदी हेच."

"मंग बराबर तं वाचून राह्यली. मशीनले आपलं बोलणं येत नाई का?"

"नाही येत."

"तं मशीनले शिकवा. पोरीले कायले लाल देता?"

टॅबमध्ये बाईंच्या मताला जागा नव्हती. मी साध्या कागदावर लिहिलं, 'ही मुलगी वाचते', खाली सही केली आणि कागद वर पाठवला. चारच दिवसांत केंद्रप्रमुखांचा फोन आला. टॅबप्रमाणे दुरुस्ती करा म्हणाले.

"सर, दुरुस्ती टॅबमध्ये करा. सही माझी आहे, ती खोडणार नाही."

"नोटीस येईल, मॅडम."

"येऊ द्या. वर्गात वाचून दाखवेन, आमच्या बोलीत."

नोटीस अजून आलेली नाही. आली तरी माझा कागद तोच राहील.

ऊसतोडीचा ट्रक निघाला तो शाळेवरूनच. पोरं फाटकाशी धावली, त्यांच्यामागे मीही गेले. बोचक्यांवर तिची आई बसली होती. रस्त्यावरच्या खड्ड्यात ट्रक हादरला, तशी तिने बाळाला पदराखाली ओढून घेतलं आणि दुसरा हात आमच्याकडे बघून हलवला. माझ्याशेजारी उभी असलेली मुलगी रडली नाही. ट्रक वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मायनं बायाले जवय घेतलं."

"बराबर," मी म्हणाले, आणि तिचा हात धरून वर्गात गेले.