डाव्या दाराचं हँडल

मंगळवारी माझे पती गेले. तेराव्याला जेवताना दीर म्हणाले, “वहिनी, गाडी विकून टाकू. पण डाव्या दाराला बाहेरून हँडलच नाही. आधी ते बसवून घ्या.” तेराव्याच्या पंगतीतच गाडीचा भाव काढणाऱ्या माणसाशी बोलण्यासारखं काही नसतं. मी जुन्या बाजारात गेले.

गाड्यांची सुटी दारं भिंतीला टेकवून ठेवली होती. दुकानदाराने नमुन्यासाठी तुटलेलं हँडल मागितलं. ते तुटून अकरा वर्षं झाली होती, जपून ठेवायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

“अकरा वर्षं? मग बसत कशा होता मॅडम, खिडकीतून?”

शेजारचे दोघे हसले. हे आतून वाकून मला दार उघडून द्यायचे, ते मी त्यांना सांगितलं नाही. असल्या लोकांना दार म्हणजे पत्रा आणि काच एवढंच कळतं. दिरांना तेवढंही कळत नाही.

“हे घ्या, घरगुती गाडीचं आहे.”

इथे मोडीत निघालेली प्रत्येक गाडी घरगुतीच असते. मी हँडल हातात घेऊन पाहिलं आणि परत ठेवलं.

मिळालं नाही, असं दिरांना सांगितलं. गाडी फाटकापाशी उभी आहे. तिचं डावं दार अजून आतूनच उघडतं.